उपवनचा आकडा

मंडळाच्या वार्षिक मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी झालेलं हे भाषण. संकेतस्थळासाठी थोडी काटछाट केली आहे, बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.

नमस्कार मंडळी.

मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मागच्या टेबलावर बटाटेवडे येताना दिसतायत, त्यामुळे तुमचं लक्ष कुठे असणार हे मला माहीत आहे. आटोपतं घेतो.

मी समीक्षक वगैरे नाही. ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात 31 वर्षं काढली. ज्युनियर क्लार्क म्हणून चिकटलो, ओएस म्हणजे कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. आता लेकीकडे तीन महिने राहायला आलोय. अध्यक्षबाईंनी तिला विचारलं, बाबा चित्रपटावर बोलतील का, आणि तिने मला न विचारता हो म्हणून टाकलं. मी चिडलो होतो. तिने असं का केलं ते मला काल रात्री कळलं.

काल आपण इथे 'सीरियस मेन' पाहिला. सुधीर मिश्रांचा, 2020 सालचा, मनू जोसेफ यांच्या कादंबरीवरचा. हे तेच मिश्रा, जे 1983 च्या 'जाने भी दो यारो'च्या लेखनात होते. प्रेताला साडी नेसवून द्रौपदी म्हणून स्टेजवर उभं करणाऱ्या माणसांकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार? हसता हसता ठसका लागतो, तसलाच हाही. ज्यांना काल जमलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. अय्यन मणी हा मुंबईतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत आचार्य नावाच्या शास्त्रज्ञाचा पीए. राहतो चाळीत. त्याचा शाळकरी मुलगा एकाएकी महाबुद्धिमान म्हणून गाजू लागतो. शाळा, पुढारी, वाहिन्या, सगळे त्याच्या मागे. आणि खरी गोष्ट अशी, की पोराच्या कानातल्या यंत्रातून बाप उत्तरं पुरवतोय. नवाजुद्दीनला या कामासाठी आंतरराष्ट्रीय एमीचं नामांकन होतं, ते उगाच नव्हे.

काल तुम्ही शाळेतल्या प्रसंगांना हसत होतात. मला हसू फुटलं ते मणी साहेबाच्या केबिनबाहेर बसलेला दिसला तेव्हा. ते टेबल माझं आहे हो! केबिनबाहेर बसणाऱ्याला आतलं सगळं कळत असतं, आणि त्याला काही कळतं हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. प्राध्यापकांची महत्त्वाकांक्षा त्यांच्या बायकांना दिसली नसेल इतकी मला दिसली, कारण ती टाइप कोण करायचं?

2010 मध्ये यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नवा नियम आला. प्राध्यापकांची बढती गुणांवर. रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून छापणाऱ्या, जर्नलमध्ये शोधनिबंध, म्हणजे पेपर, आला तर 15 गुण, नुसता आयएसएसएन हा नोंदणी नंबर असलेल्या बऱ्यापैकी जर्नलमध्ये आला तर 10. हेतू वाईट नव्हता. वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या नोट्स वाचून दाखवणारे आमच्याकडेही होते. पण महिन्याभरात स्टाफरूमची भाषा बदलली. 'सध्या काय वाचताय सर?' गेलं. 'किती झाले?' आलं, भिशीचे हप्ते विचारावेत तसं. एका सरांनी बारा वर्षांत ओळ लिहिली नव्हती, त्यांचे एका उन्हाळ्यात सहा पेपर छापून आले. पैसे भरले की छापणारी दुकानं तोवर निघाली होती. सरांनी गडबडीत पैसे भरल्याच्या पावतीची झेरॉक्स कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाइललाच लावली. मी ती काढली, घडी घातली, त्यांच्या हातात दिली. दोघंही काही बोललो नाही. पुढे यूजीसीने स्वतःचीच मान्य यादी चाळली आणि मे 2018 मध्ये 4,305 जर्नलं त्यातून उडवली. सरांची बढती तोवर होऊन गेली होती, पेढेही वाटून झाले होते. मीही दोन खाल्ले.

आणि नॅक! इथे कोणी कॉलेजात नोकरी केलेलं असेल तर त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या या नॅकची समिती येणार म्हणजे लग्नघर. रंग, कुंड्या, नवे पडदे. कुंड्या भाड्याच्या. एका वेळी आमच्या लक्षात आलं की पालक-शिक्षक सभांची इतिवृत्तंच नाहीत. सभा झाल्या होत्या बरं का, निदान काही तरी. लिहून कोणी ठेवलं नव्हतं. मग पाच वर्षांची इतिवृत्तं आम्ही दोन संध्याकाळी बसून लिहिली. मी, एक तरुण मॅडम आणि लायब्ररीतला शिपाई. सगळं एकाच्या हातचं दिसू नये म्हणून तिघं, आणि तीन वेगळी पेनं. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं की रात्री झोपेत बडबडलो असं बायको सांगते. शिपाई आम्हा दोघांपेक्षा हुशार. त्याने वह्यांवर चहाचा कप ठेवून गोल डाग पाडले. म्हणाला, 'साहेब, खरी वही कोरी नसते.'

समिती आली. त्यातल्या एका वयस्कर सरांनी नेमकी डागाची वही उचलली. चष्मा वर केला, डागावरून हळूच बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसले. माझे पाय लटपटले. पण त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, 'छान ठेवलंय हो रेकॉर्ड.' त्यांच्या कॉलेजातही कोणी तरी संध्याकाळी बसलंच असणार.

सिनेमात मला हेच बरोब्बर पकडलंय असं वाटलं. मणीच्या पोराला पकडायला एक साधा प्रश्न पुरे होता. 'बाळ, म्हणजे काय ते तुझ्या शब्दांत सांग.' कोणी विचारत नाही. कारण तसं विचारणं म्हणजे मला हे कळलं नाही, अशी कबुली. शाळेच्या बाईंनी ती कशी द्यायची, पुढाऱ्याने कशी द्यायची? मोठे शब्द कानावर पडले की सगळे माना डोलावतात. मणीने ते कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, तो साहेबांच्या मीटिंगांना चहा सांगता सांगता शिकलाय.

इथे एक फरक लपवला तर मी अप्रामाणिक ठरेन. मणी दलित आहे, आचार्य ब्राह्मण. मणी पिढ्या मोजतो त्या मोबाइलच्या नेटवर्कसारख्या, आपण अजून कितव्या 'जी'त आहोत म्हणून. त्याला खोटं बोलून जिथे पोचायचं होतं, तिथे आम्हा ठाण्याच्या नौपाड्यातल्या लोकांसाठी आजोबांनीच रुमाल टाकून ठेवलेला असतो. त्याचं खोटं भुकेचं आहे. आमचं कसलं, ते सांगतो.

पण आधी एक राहिलं. काल मध्यंतरात कोणी तरी म्हणालं, 'तो आचार्य फुगा सोडून आकाशात जंतू शोधतो म्हणे, काहीही दाखवतात!' काहीही नाही हो. जानेवारी 2001 मध्ये हैदराबादहून टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या केंद्रातून खरंच असा फुगा सोडला होता, 41 किलोमीटरपर्यंतची हवा बंद नळकांड्यांत भरून आणायला. आपले जयंत नारळीकर त्या गटात होते. म्हणून आचार्य म्हणजे नारळीकर असं कृपा करून समजू नका. त्या पात्राचा स्वभाव आणि भानगडी त्याच्या त्याच्या. 2005 मध्ये दुसरा फुगा गेला आणि त्या हवेत जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. 2009 मध्ये इस्रोने हे जाहीर केलं. एवढी मोठी बातमी, आणि त्याच पत्रकात त्यांनी लिहिलं की हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं यावरून ठामपणे सिद्ध होत नाही.

ओएस म्हणून सांगतो, असं वाक्य असलेला एकही अहवाल माझ्या टेबलावरून गेला नाही. नारळीकर सर 2025 च्या मे महिन्यात गेले तेव्हा मला ते वाक्य आठवलं होतं.

आमच्याकडे तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे, एक सर होते. पीएचडी, वर सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास. सकाळी आमच्याकडे, दुपारी ऐरोलीला, संध्याकाळी पनवेलला. ट्रान्स हार्बर लोकलचा पास हेच आपलं अपॉइंटमेंट लेटर, असं ते म्हणायचे. तासाला पैसे, सुट्टीत शून्य. बिल कुठे अडकलं ते विचारायला खिडकीशी यायचे आणि मला दबकून 'साहेब' म्हणायचे. मी बी.कॉम., सेकंड क्लास. इथे आल्यावर लेकीला विचारलं, तू इतकी शिकलीस, पीएचडीनंतर पोस्टडॉक संशोधक झालीस, नोकरी पक्की कधी? ती म्हणाली, 'दोन वर्षांचं कंत्राट आहे बाबा. मग अर्ज. मिळालं तर आणखी दोन.' म्हटलं, म्हणजे सीएचबीच की! ती हसली. नंतर बराच वेळ भांडी घासत राहिली.

बरं, ठाण्याची मंडळी किती आहेत? हात वर करा. बघा, निम्मा हॉल. तुम्हाला 'होमी भाभा' सांगायला नको. बाकीच्यांसाठी: ही सहावी आणि नववीच्या मुलांची बालवैज्ञानिक स्पर्धा, 1981 पासूनची. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृतिसंशोधनाचा प्रकल्प आणि मुलाखत. परीक्षा उत्तम आहे, तिला मी नावं ठेवत नाही. नावं आम्हा पालकांना ठेवा. नौपाड्यात त्या दिवसांत इस्त्रीवालाही विचारायचा, 'ताई प्रात्यक्षिकाला आल्या का?'

आमची ताई आली. अकरा वर्षांची होती. प्रकल्प ठरला तलावांच्या पाण्याचा. विषय मी ठरवला, हेही सांगून टाकतो. ठाणे म्हणजे तलावांचं गाव. मासुंदा, कचराळी आणि उपवन अशी तीन तळी धरायची, चार रविवार सकाळी पाणी आणायचं, पाणी किती आम्ल ते दाखवणारा पीएच पेपर बुडवायचा, पट्टीच्या रंगाशी ताडून आकडा वहीत लिहायचा. तिला हे फार आवडलं. इनोच्या रिकाम्या बाटल्या धुऊन तिने त्यांना चिठ्ठ्या डकवल्या. तलावपाळीच्या कठड्यावर पालथी पडून पाणी घ्यायची आणि मी तिचा फ्रॉक मागून धरून ठेवायचो. तीन रविवार गेलो. चौथ्या रविवारी मासुंदा झाला, कचराळी झाला. पण मला त्याच दिवशी ऑफिसात जायचं होतं. ती वहीच ना! इतिवृत्तांचे ते दिवस. उपवन पडलं लांब, रिक्षा मिळेना, ऊन चढलेलं. ती बाटली हातात घेऊन उभी. 'बाबा, उपवन राहिलं.'

मी म्हटलं, 'मागच्या तिन्हींच्या मधला आकडा टाक. कोणाला कळणार आहे?'

मणी भुकेपोटी खोटं बोलला. मी रिक्षा मिळत नव्हती म्हणून.

तिने लगेच लिहिला नाही. घरी येऊन शूज न काढता जेवणाच्या टेबलाशी बसून राहिली. शेवटी मीच पेन घेतलं. मग आठवडाभर मी तिच्याकडून मुलाखतीची उत्तरं घोकून घेतली. मुलाखतीतून बाहेर आली तेव्हा मी फाटकाशीच होतो. म्हणाली, 'विचारलं त्यांनी. चारही रविवारी तिन्ही तलावांवर गेला होतात का?'

'मग?'

'मी हो म्हटलं.'

रौप्यपदक मिळालं. आम्ही स्टेशनसमोर कुंजविहारचा वडापाव खाल्ला. पदक ठाण्याच्या घरी शोकेसमध्ये आहे, बाहुलीशेजारी. आल्यागेल्याला मी ते इतकी वर्षं दाखवत आलोय.

काल सिनेमा संपल्यावर आम्ही ट्रामने परतत होतो. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, आलेखात एकच बिंदू रेषेच्या बाहेर पडतोय, आणि तो गाळ असं तिला कामावर सांगितलंय. सगळे गाळतात म्हणे. आठवडा झाला, ती त्यावर बसून आहे. पुढे काय केलं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला तो अधिकार कुठला? दोन थांबे गेले. मग तिने विचारलं, 'बाबा, उपवनचा आकडा आपण किती टाकला होता?'

मी म्हटलं, 7.1.

ती म्हणाली, 'नाही. 7.2.'

यावर आमचं घरी पोचेपर्यंत भांडण चाललं होतं. वही ठाण्यात माळ्यावर आहे. परत गेलो की बघतो आणि मंडळाला कळवतो.