गिलगालचे सात दिवस आणि यिर्मयाचे दहा दिवस

देवाची वाट बघ, धीर धर, असं आपण एकमेकांना पटकन सांगून मोकळे होतो, पण ज्याचा रिपोर्ट यायचाय किंवा ज्याची नोकरी गेलीय त्याला ते ऐकताना काय वाटतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून आज मी ज्यांना वाट बघणं जमलं नाही त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

पहिला शौल राजा, 1 शमुवेल अध्याय 13. शमुवेल संदेष्ट्यानं वेळ दिलेली, गिलगालला सात दिवस थांबायचं, मग तो येऊन अर्पण करणार. समोर शत्रू, पलिष्टी, समुद्रकाठच्या वाळूसारखे, आणि इकडे शौलाची माणसं गुहांत लपतायत, झुडपांत लपतायत, काही तर यार्देन ओलांडून पळाली, शेवटी मोजली तर 600 उरली. सातवा दिवस आला, शमुवेलाचा पत्ता नाही, मग शौलानं स्वतःच होमबली, म्हणजे वेदीवर जाळायचं अर्पण, अर्पण केला, आणि तो उरकतोय तोच शमुवेल समोर हजर! मला शौलाची खरंच दया येते. तो थांबला होता हो, अगदी शेवटी धीर सुटला. आणि केलं काय, तर अर्पण, म्हणजे देवाचंच काम. आपली घाईसुद्धा कितीदा प्रार्थना करूनच पुढे निघते, म्हणून तर ती ओळखू येत नाही.

दुसरं यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला अध्याय 42. यरुशलेम बाबेलच्या हाती पडलंय, बाबेलच्या राजानं नेमलेल्या गदल्या अधिकाऱ्याचा खून झालाय, आता बाबेलवाले सूड घेतील या भीतीनं उरलेले लोक मिसरला निघालेत. बेथलेहेमजवळ थांबून ते यिर्मयाला म्हणतात, देवाला विचार, बरं असो वाईट असो, तो सांगेल ते आम्ही करू. उत्तर आलं दहा दिवसांनी. समोर घाबरलेली माणसं उभी असताना यिर्मयानं दहा दिवस मनाचं एक वाक्य काढलं नाही, मला ही फार मोठी गोष्ट वाटते. उत्तर होतं, इथेच राहा, भिऊ नका. तर लोक म्हणाले, तू खोटं बोलतोस! कारण मिसरला जायचं आधीच ठरलेलं, देवाकडून फक्त शिक्का हवा होता.

आपणही देवाला विचारतो तेव्हा "नाही" ऐकायची तयारी असते का? नसेल तर ते नुसतं वेळ काढणं झालं.

आणि हो, वाट बघायची म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही, औषध चालू ठेवा, अर्ज करत राहा. कुरकुर करू नये असंही नाही, स्तोत्र 13 मध्ये दावीद सुरुवातीलाच "कुठवर" असं चारदा विचारतो, आणि ती प्रार्थनाच आहे.

यिर्मयाचं पुढे काय झालं? ते लोक त्यालाही मिसरला घेऊन गेले. त्याचं ऐकलं नाही ते नाहीच, वर त्याला नको त्या देशात जावं लागलं. पण तिथे तहपन्हेसमध्ये पोचल्यावरसुद्धा परमेश्वर त्याच्याशी बोलला.