वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल की साधी पानं?

(शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गटांचे संघ, वाचनालयं आणि शाळा यांच्या कार्यकर्त्यांसमोर विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर बसलेल्या बहुतेकांचा प्रश्न एकच आहे. संस्थेची वेबसाईट करायची, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर वापरायचं, तर कोणतं? ‘वर्डप्रेस’ असं सांगून मी खाली बसलो तरी चालेल, कारण जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साईट त्यावरच चालतात. पण आपल्या भागातल्या बऱ्याच संस्थांना ते जड जातं. का जड जातं, ते आधी पाहू.

वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल तिन्ही जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहेत. उतरवून घ्या, हव्या त्या सर्व्हरवर बसवा, बदला, दुसऱ्याला द्या; सॉफ्टवेअरचे पैसे कोणी मागणार नाही. पैसे लागतात डोमेनला (साईटच्या नावाला), होस्टिंगला (सर्व्हरवरच्या जागेला) आणि माणसाला. पहिल्या दोघांचं वर्षाला काही हजारांत भागतं. माणसाचा खर्च मात्र अंदाजपत्रकात कुठेच नसतो, आणि साईट बंद पडते ती तिथेच.

वरूड-मोर्शीकडची संत्र्याची एखादी कंपनी डोळ्यासमोर आणा. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या मागेपुढे निघतात, मृगाची फेब्रुवारीनंतर. त्या दिवसांत प्रतवारी, उपलब्ध माल, संपर्काचा नंबर हे सगळं साईटवर सारखं बदलावं लागतं. (रोजचा भाव सभासदांना व्हॉट्सॲपवर आधीच कळलेला असतो. साईट असते बाहेरच्या व्यापाऱ्यासाठी.) मृग संपला की पुढच्या दिवाळीपर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही. कपाशी-तुरीच्या कंपन्यांचंही तेच, शाळांचं तर उघडच आहे.

ही तिन्ही सीएमएस, म्हणजे साईटवरचा मजकूर सांभाळणारी साधनं आहेत: सर्व्हरवर सतत चालणारा प्रोग्रॅम आणि त्याच्या पोटात एक डेटाबेस. मे महिन्यात त्याच्या एखाद्या प्लगिनमध्ये (वरून जोडलेल्या सोयीत) भोक सापडतं, दुरुस्ती निघते, ती आपण लावत नाही. जगभर फिरणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, अशीच भोकं हुंगत असतात. साईट कोणत्या गावची आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं, ते फक्त प्लगिनची आवृत्ती बघतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ मधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. ड्रुपलच्याच सुरक्षा पथकानं नंतर कळवलं, की घोषणेपासून सात तासांत ज्यांनी दुरुस्ती लावली नाही त्यांनी आपली साईट फुटली असंच धरून चालावं. सात तास! आपल्याकडे सात-सात महिने कोणी लॉगिन करत नाही.

फुटलेली साईट ओळखायची कशी? बऱ्याचदा ती उघडल्यावर ठणठणीत दिसते, कारण घुसवलेली पानं फक्त गूगलच्या रोबोटला दाखवली जातात. म्हणून गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘साईट’, लगेच कोलन आणि जागा न सोडता आपलं डोमेन लिहा. निकालात जपानी अक्षरांतल्या बुटांच्या न् घड्याळांच्या जाहिराती दिसल्या, की समजा आत कोणीतरी बसलंय.

वर्डप्रेस स्वतःला सुधारून घेतो हे खरं. गाभ्याच्या, म्हणजे मूळ प्रोग्रॅमच्या, छोट्या दुरुस्त्या २०१३ पासून आपोआप लागतात आणि २०२० पासून प्लगिनांसाठीही तशी सोय आहे. प्लगिनांच्या यादीत प्रत्येकासमोर ती चालू करावी लागते. पण यात एक गोम आहे. ही आपोआप होणारी कामं ‘डब्ल्यूपी-क्रॉन’ करतो, आणि त्याला स्वतःचं घड्याळ नाही. कोणीतरी साईट उघडली की तो जागा होतो. झोपलेल्या साईटवर, त्यात पानं कॅशमधून (आधीच करून ठेवलेल्या प्रतींतून) जात असतील तर, तोही झोपलेला असतो. उपाय पाच मिनिटांचा आहे. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ‘क्रॉन जॉब’ असतो, तिथे डब्ल्यूपी-क्रॉनची फाईल तासातून एकदा चालवायला सांगा. हे केल्याशिवाय ‘ऑटो-अपडेट चालू आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

आता ज्यांचं वर्षभरात दोनदा काहीतरी बदलतं त्यांच्याबद्दल. संस्थेची माहिती, कार्यकारिणी, पाच-सात फोटो, नकाशा, संपर्क. एवढ्यासाठी सीएमएस लागत नाही. २०१३ साली आलेला ह्यूगो किंवा त्याच्या आधीचा जेकिल यांसारखी साधनं तुमच्या लॅपटॉपवर साध्या मजकूर-फायलींतून तयार पानं बनवून देतात, आणि तीच सर्व्हरवर चढवायची. सर्व्हरवर ना डेटाबेस, ना लॉगिन, ना पीएचपी (सीएमएस ज्या भाषेत लिहिलेले असतात ती). दोन वर्षं हात लावला नाही तरी प्लगिन शिळं होण्याची भानगड नाही. अडचणही तेवढीच स्पष्ट आहे. आज्ञा टाइप करता येणारा एक तरी माणूस हवा, आणि अध्यक्षांना मोबाईलवरून सूचना टाकायची असेल तर हे त्यांच्या कामाचं नाही. गावातला मुलगा पुण्याहून सहा महिन्यांतून एकदा बदल करून देणार असेल, तर माझं मत सरळ ह्यूगोला.

दर आठवड्याला काहीतरी चढतं, चढवणारे तीन-चार जण आहेत, त्यातले दोघं फक्त मोबाईल वापरतात, तिथे वर्डप्रेस. त्याचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे अमरावती असो की वाशीम, तो जाणणारा कोणीतरी सापडतोच. आतला पडदा मराठीत करता येतो, आणि प्रत्येकाला आपापल्या प्रोफाइलमध्ये भाषा निवडता येते. सचिवाला मराठी, दुरुस्तीवाल्याला इंग्रजी. अधिकार देताना मात्र जपून. ‘योगदानकर्ता’ ही भूमिका नावावरून स्वयंसेवकासाठी बरोबर वाटते, पण तिला फोटो चढवता येत नाही. मग स्वयंसेवक वैतागतो आणि कोणीतरी त्याला थेट प्रशासक करून टाकतं. ‘लेखक’ करा; त्याला फोटो चढवता येतात, फक्त तो स्वतःच प्रसिद्धही करू शकतो, हे पदाधिकाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

लिहिणाऱ्यानं लिहावं, तपासणाऱ्यानं तपासावं आणि मगच ते बाहेर जावं, अशी शिस्त खरोखर हवी असेल तर ड्रुपलच्या गाभ्यात ती सोय आहे. २००१ पासूनचा हा प्रकल्प आहे, आणि माहितीला सांगाडा असेल तिथे त्याला तोड नाही. चाळीस गावं, प्रत्येक गावाचे गट, प्रत्येक गटाची उत्पादनं, आणि हे सगळं एकमेकांना जोडून शोधता आलं पाहिजे, असं काम असेल तर वर्डप्रेसवर दहा प्लगिनं रचण्यापेक्षा ड्रुपल बरा. पण तो कंपोझर नावाच्या साधनानं सांभाळावा लागतो, त्यासाठी सर्व्हरवर आज्ञा चालवता यायला हव्यात, आणि स्वस्त सामायिक होस्टिंगवर ते बऱ्याचदा जमत नाही. ड्रुपल ११ ला पीएचपी ८.३ लागतं. शिवाय ड्रुपल ७ चा पाठिंबा ५ जानेवारी २०२५ ला संपला, आणि तिथून पुढे जाणं म्हणजे नवी साईट बांधून त्यात जुना मजकूर भरणं. पगारी माणूस नसेल तर ड्रुपलच्या वाटेला जाऊ नका.

जूमला २००५ साली मॅम्बो या प्रकल्पातून फुटून निघाला. दोन भाषांची सोय त्याच्या गाभ्यातच आहे. वर्डप्रेसला त्यासाठी पॉलीलँगसारखं प्लगिन लागतं. पण आधी स्वतःला विचारा, अख्खी साईट दोन्ही भाषांत लागते का? मुंबईच्या निर्यातदाराला इंग्रजीत एक नीटनेटकं पान पुरतं. निम्मी भाषांतरित झालेली साईट दोन्ही वाचकांना खोटी वाटते. आधीच जूमलावर असाल आणि आवृत्ती ३ असेल, तर तिचा पाठिंबा ऑगस्ट २०२३ मध्येच संपलाय हे लक्षात घ्या. नव्यानं सुरू करणाऱ्याला जूमला सुचवावा असं मला वाटत नाही, कारण इकडे तो जाणणारी माणसं कमी.

आता मराठीबद्दल, कारण तुलनेच्या तक्त्यांत हे कुठेच नसतं. वर्डप्रेसमध्ये शीर्षक लिहा: ‘संत्रा प्रतवारी केंद्र दिवाळीनंतर सुरू’. पानाचा पत्ता बनतो ‘संत्रा-प्रतवारी-केंद्र-द’. पुढचं गायब. कारण असं, की पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं, नऊ-नऊ वर्णांत लिहिलं जातं आणि पत्त्याची मर्यादा आहे दोनशे वर्णांची. म्हणजे बावीस चिन्हांत खेळ खलास. शिवाय तोच दुवा व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक शेपटी दिसते, आणि लोक फसवणूक समजून तो उघडत नाहीत. प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत दोन-तीन शब्द टाका. जूमलात ‘युनिकोड अलियस’ ही सेटिंग बंद असेल तर मराठी शीर्षकाच्या जागी तारीख-वेळेचे आकडेच पत्ता होऊन बसतात. ड्रुपलमध्ये पाथऑटो हे मॉड्यूल (तिकडचं प्लगिन) रोमन रूप बनवून देतं.

दुसरी डोकेदुखी जुन्या मजकुराची. अहवाल कृती देव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात आणि साईटवर चिकटवले की इंग्रजी अक्षरांचा काला होतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण नंतर रफार, पहिली वेलांटी, क्ष आणि ‘ऱ्य’ एकदा डोळ्यांखालून घालाच. ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो, एक सलग चिन्ह आणि एक ‘अ’वर चंद्र, दिसायला सारखे, पण साईटच्या शोधात एक टाकलं तर दुसरं सापडेलच असं नाही. संस्थेत एकच कीबोर्ड ठरवून घ्या. आणि थीममध्ये (साईटचं रूप ठरवणाऱ्या साच्यात) अक्षरांतलं अंतर वाढवलेलं असेल तर ते शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे पडतात. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत. ओळींतलं अंतर १.६ च्या खाली नेऊ नका, वरच्या मात्रा खालच्या उकारांना भिडतात.

फोटोंचं थोडक्यात. मोबाईलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. वर्डप्रेस त्याच्या वेगवेगळ्या मापांच्या प्रती काढतो आणि मूळही ठेवतो, म्हणजे एका फोटोच्या सात-आठ फायली. स्वस्त होस्टिंगवर जागेआधी फायलींच्या संख्येची मर्यादा संपते. चढवण्याआधी फोटो १६०० पिक्सेल रुंद करा. आणि पान काढून टाकलं तरी त्याला जोडलेली पीडीएफ सर्व्हरवर तशीच राहते. आधार क्रमांक असलेली लाभार्थ्यांची यादी चुकून चढली, तर पान खोडून भागत नाही. मीडिया लायब्ररीत जाऊन फाईल कायमची हटवावी लागते.

निवड पक्की करण्याआधी प्रत्येक पर्यायाची तात्पुरती साईट उभी करा आणि जो माणूस खरोखर काम करणार आहे त्याच्या हातात द्या. त्याला तीन कामं सांगा: मोबाईलवरून फोटोसह सूचना टाकणं, तक्त्यातला एक आकडा बदलणं, आणि बॅकअप घेऊन साईट दुसऱ्या जागी परत उभी करणं. पहिल्या दोन कामांत सगळे पास होतात. तिसऱ्यात कळतं की बॅकअपमध्ये फायली होत्या आणि डेटाबेस नव्हता, किंवा डेटाबेस परत आला पण मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली. डेटाबेस यूटीएफ-८-एमबी-४ या अक्षरसंचातच ठेवा आणि बाहेर काढताना व आत घालताना तोच संच निवडा.

याच चाचणीत आणखी एक बघा. पानं एखाद्या पेज-बिल्डर (पानाची मांडणी करून देणाऱ्या) प्लगिननं बांधलेली असतील तर ते प्लगिन क्षणभर बंद करून पान उघडा. काही बिल्डर मागे वाचता येणारा मजकूर सोडतात, काही चौकटी कंसांतल्या संकेतांचा ढिगारा. दुसऱ्या प्रकारावर साईट बांधलीत, तर सॉफ्टवेअर मुक्त असूनही तुम्ही त्या प्लगिनचे बांधील. आणि कोणी ‘प्रीमियम थीम फुकट देतो’ म्हणाला तर नको म्हणा. अशा फुटक्या प्रतींत मागचं दार आधीच बसवलेलं असतं, आणि त्यांना अपडेट मिळत नाहीत ते वेगळंच.

साईट कोणत्याही सॉफ्टवेअरवर करा, डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावानं आणि संस्थेच्या ईमेलवर हवी. साईट बनवणाऱ्याच्या नाही, सचिवाच्या खासगी ईमेलवरही नाही. त्या ईमेलला जोडलेला मोबाईल नंबर कार्यालयाचा ठेवा, आणि पदाधिकारी बदलले की कार्यभार देण्याघेण्याच्या यादीत शिक्के, चेकबुक यांच्यासोबत तो नंबर, होस्टिंगचं लॉगिन आणि शेवटच्या बॅकअपची तारीख लिहून घ्या.