मागचं कोण आवरतं?

[पडद्यावर अंधार. फरशीवर फिरणाऱ्या स्टीलच्या वाटीचा आवाज.]

हा आवाज ओळखू आला नाही, असं मराठी घर सापडायचं नाही. हातातून निसटलेली वाटी कडेवर उभी राहून फिरायला लागते. ती आडवी होत जाते तसा तिचा आवाज मंदावायला हवा ना? तो वाढतच जातो. घर्रर्र करत, अजून घाईत, अजून घाईत, आणि एकदम बंद. लगेच आतून दुसरा आवाज येतो, "काय पाडलं?"

[महालातली अरुंद गल्ली. जुनं दुमजली घर, पुढे लाकडी सज्जा.]

नागपूर, महाल. मामाचं घर. मे महिना आहे आणि दुपारी दोन वाजता या गल्लीत कुत्रंही फिरत नाही. पावसाळ्याआधी हे घर पाडायचं ठरलंय. अर्धं सामान नव्या फ्लॅटवर गेलं, अर्धं भंगारात जाईल. मधल्या पंधरा दिवसांपुरती मधली खोली मामीनं आम्हाला देऊन टाकली, एक हलती कलाकृती मांडून तिची फिल्म करायला. आम्ही म्हणजे मी, मामेभाऊ आणि चित्रकला शिकलेले त्याचे दोन मित्र. मामीची अट एकच होती. "बंगईच्या पितळी कड्या मले पाह्यजेत. बाकीचं तुमचं तुमी पाहा."

बंगई म्हणजे झोपाळा. पुण्याच्या प्रेक्षकांसाठी सांगतोय.

[खोली. कॅमेरा हळूहळू फिरतो.]

आता ही खोली नीट बघून घ्या, कारण पुढच्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांत ती अशी राहणार नाही. मध्ये बंगई. भिंतीवर मांडणी, तिच्यात डबे उतरत्या क्रमाने. लोखंडी आलमारी. कोपऱ्यात गवताच्या ताट्यांचा कूलर. त्याच्यासमोर कालनिर्णयच्या जुन्या पानांचा गठ्ठा. पानांवर मामीचं अक्षर आहे: "गॅस लावला", "दूध नाही", "दूध नाही", "दूध १ जास्त".

बंगईच्या मागे एक मोटर आहे. १२ व्होल्टची, कुठल्यातरी मोडीत निघालेल्या गाडीच्या वायपरची. हलत्या कलाकृती बनवणाऱ्यांची ही लाडकी मोटर, कारण ती हळू फिरते आणि दणकून ओढते. आत स्क्रूसारखा एक दांडा दातेरी चाकाला फिरवतो. दांडा चाकाला फिरवू शकतो, पण चाक उलटं दांड्याला फिरवू शकत नाही. त्यामुळे वीज गेली तरी ओढून धरलेली बंगई जागच्या जागी थांबते. नागपुरात मे महिन्यात हा गुण फार कामाला आला.

[बंगई मागे ओढली जाते. आकडा निसटतो.]

बंगई सुटली की मांडणीची दोरी ओढली जाते. डबे निघतात. परात खुंटीवरून निसटते, तिच्यामागे गंज म्हणजे पातेली, सराटे म्हणजे उलथनी, आणि वाट्या. आलमारीचं दार उघडतं. मग जुन्या वॉशिंग मशीनचा टायमर कूलर चालू करतो आणि मामीच्या सात वर्षांच्या दुधाचा हिशेब खोलीभर उडतो.

हे आमच्या डोक्यातून आलेलं नाही. ज्यांच्याकडून उचललं त्यांची नावं घेतो.

[रेखाटन: पांढऱ्या रंगाचं उंच, वेडंवाकडं यंत्र.]

१७ मार्च १९६०. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टची बाग. स्विस कलावंत ज्याँ तँगली यांनी तिथे भंगारातून एक यंत्र उभं केलं होतं. सायकलची चाकं, बाथटब, पियानो, वर हवामानखात्याचा असतो तसला फुगा, आणि सगळ्याला पांढरा रंग. मदतीला बिली क्लूव्हर नावाचा इंजिनियर. या यंत्राचं काम एकच, स्वतःला मोडणं. ते २७ मिनिटं चाललं. काही भाग ठरल्याप्रमाणे मोडले, काही हट्टाने मोडेनात. पियानो पेटला, तेव्हा अग्निशामक दलाच्या माणसाला मध्ये पडावं लागलं. बघायला आलेल्यांनी जमेल ते तुकडे आठवण म्हणून उचलून नेले, उरलेलं कचऱ्यात गेलं.

हे ऐकून पाश्चात्त्यांचं काहीतरी वेड म्हणून हसू नका. आपल्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय होतं? कित्येक दिवस खपून केलेली मारबत, म्हणजे भलामोठा पुतळा, महाल-इतवारीतून वाजतगाजत निघते आणि शेवटी जाळून टाकतात. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणायचं आणि पेटवायचं. एवढी सुंदर केलेली, मग जाळता कशाला, असं नागपुरात कोणी विचारत नाही. तँगली यांना इथे फार समजावून सांगावं लागलं नसतं.

[मामी दारात उभी. हात कमरेवर.]

पहिला टेक झाला. मामी दारातून बघत होती. म्हणाली, "एवढा पसारा कराले चार जण कायले पाह्यजेत बापा? तुमी दोघं लहान होते तं आपोआप होऊन जात होता."

आणि मग, जाता जाता, "मागचं कोण आवरते?"

दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा गोंधळ. तो परत मांडायला दीड तास. प्रत्येक डबा त्याच जागी, त्याच कोनात. सराटा बोटभर डावीकडे सरकला तर परात पडत नाही. दुसरा टेक वाया गेला, तिसरा गेला, चौथ्यात वाटी आलमारीखाली गेली. पाचव्यात परात खुंटीवर तशीच लटकत राहिली आणि आम्ही चौघं तिच्याकडे बघत राहिलो.

पेटर फिश्ली आणि डेव्हिड वाइस या स्विस कलावंतांच्या जोडीला हे विचारायला हवं होतं. त्यांची १९८७ ची फिल्म साधारण अर्ध्या तासाची आहे. एका गोदामात टायर घरंगळतो, शिडी चालते, किटली उकळते, फेस पसरतो, आग लागते, एकातून दुसरं होत जातं. बघताना वाटतं सगळं एका दमात घडलं. तसं नाही, जोड लपवलेले आहेत. म्हणजे तिथेही कोणीतरी आवरत होतंच.

यातलं मला सगळ्यात आवडतं ते रेबेका हॉर्न यांचं काम. १९९० सालचं. एक मोठा पियानो छताला उलटा टांगलेला. काही मिनिटं काहीच होत नाही. मग अचानक त्याचं झाकण उघडतं, सुरांच्या पट्ट्या धडाधड बाहेर येतात आणि तशाच लोंबत राहतात. थोड्या वेळाने त्या हळूहळू आपणहून आत जातात, झाकण मिटतं. यंत्र स्वतःचा पसारा स्वतः आवरतं. मामीला फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला. तिने तो दोनदा बघितला. दुसऱ्यांदा फक्त आवरण्याचा भाग.

[कूलर. ताट्यांतून पाणी निथळतंय.]

आणखी एक. मोना हातूम यांनी २००० साली एका खोलीत टेबल, खुर्च्या, किसणी, चाळणी असं घरगुती सामान वायरींनी जोडलं आणि त्यातून वीज सोडली. दिवे कमीजास्त होतात, विजेची घरघर स्पीकरमधून ऐकू येते. आपण समोर ताणलेल्या तारांच्या कुंपणाअलीकडे उभे. तिथे काहीही पडत नाही, तरी आत जायची हिंमत होत नाही. ओल्या हाताने कूलरला हात लावून करंट खाल्लेल्या नागपूरकराला ही कलाकृती एका सेकंदात कळेल. "हात नको लावू, कूलर चालू आहे" हे वाक्य ऐकतच तर आपण मोठे झालो.

[सहावा टेक. मामी स्वतः डबे लावतेय.]

सहाव्या टेकला मामी आत आली. पदर खोचला. आमच्या खडूच्या खुणांकडे बघितलंही नाही. डबे लावले, परात खुंटीला टेकवली, सराटा ठेवला. अकरा मिनिटं लागली. मग म्हणाली, "लाव आता."

[परात जवळून. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं.]

परात पडली. उलटी पडली, म्हणून पहिल्यांदाच दिसलं की तिच्या मागे नाव कोरलंय, लग्नातल्या आहेराचं. नाव अर्धं घासून गेलंय, "सप्रेम भेट" तेवढं वाचता येतं.

या टेकनंतर आम्ही काही आवरलं नाही.

[दुसरा दिवस. गल्लीत हातगाडी, काटा.]

भंगारवाला सकाळी नऊला आला. स्टील वेगळं, लोखंड वेगळं, कागद वेगळा. कालनिर्णयची पानं गोणीत भरली. मामीने कड्या काढून घेतल्या, आणि कोणाला न सांगता परातही. बंगईची फळी मामेभावाने नेली.

शेवटी मोटर राहिली. भंगारवाल्याने ती हातात घेतली, चाकाला जोडलेला बाहेरचा दांडा बोटांनी फिरवून बघितला. फिरला नाही.

"चालते का?"

चालते म्हटलं.

त्याने ती काट्यावर ठेवली नाही. गाडीच्या पुढच्या खोक्यात, स्वतःच्या डब्याशेजारी ठेवली.