ईव्हल : पाण्याने वेढलेला डोंगर

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, बाह्य हेब्रिडीज या द्वीपसमूहात, नॉर्थ यूइस्ट नावाचं बेट आहे. नकाशात बघितलं तर जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं, हे बोट ठेवूनही सांगता येत नाही. या तळ्या-खाड्यांच्या गर्दीत, बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात उभा आहे ईव्हल. उंची ३४७ मीटर. बेटावरचा सर्वांत उंच डोंगर हाच.

लॉकइपोर्टचा रस्ता संपतो तिथून चालायला सुरुवात करायची. डोंगर समोरच दिसतो, पण मध्ये लॉख ओबिसरी हे तळं आडवं पसरलंय. समुद्राचं पाणी त्यात शिरतं, म्हणून ते मचूळ. ज्या चिंचोळ्या तोंडातून ते शिरतं, तिथेच दगडांवरून पलीकडे जायचं. भरतीला हे दगड बुडतात. म्हणून आधी ओहोटीची वेळ बघायची, मगच बुटांच्या नाड्या बांधायच्या.

पलीकडे पाऊल टेकतं आणि जमीन हलते. गादीवर उभं राहिल्यासारखी.

हे पीट. पाऊस भरपूर, हवा गार आणि खालचा नाईस खडक पाणी मुरू देत नाही. साचलेल्या पाण्यात प्राणवायू फारसा नसतो, त्यामुळे मेलेलं शेवाळ आणि गवत पुरतं कुजत नाही, थरावर थर चढत जातात. वर्षाला साधारण १ मिलिमीटर. कमरेएवढा थर साठायला हजार वर्षं लागतात! बेटावरची माणसं पिढ्यान् पिढ्या हेच कापून, वाळवून घरात जाळत आली.

वाट अशी नाहीच. रंग बघून चालायचं. तपकिरी हेदरची झुडपं असतील तिथे पाय ठेवायचा. पांढऱ्या कापसासारखे तुरे डोलताना दिसले की ओल जास्त. आणि चकचकीत पोपटी हिरवळ दिसली की लांबूनच वळसा घालायचा. ते स्फॅग्नम शेवाळ. मूठभर पिळलं की मनगटावरून पाण्याची धार लागते. हा धडा मी डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेल्यावर शिकले.

आता जरा खाली वाकूया. शेवाळात नखाएवढी लाल पानं दिसतात? प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब, आणि त्यात अडकलेलं चिलट, अजून पाय हलवतंय. कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसणाऱ्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची ही सख्खी बहीण. दोन्हीकडे जमीन निकस, म्हणून दोघींनी पोटासाठी हाच मार्ग धरला. इतक्या लांब येऊन ओळखीचं कुणी भेटल्यावर मी तिथे किती वेळ बसून राहिले, ते विचारू नका.

शेवटचा चढ खडा आहे, पण पायाखाली खडक लागतो आणि जीव सुखावतो.

माथ्यावर वारा. पूर्वेला मिंच या सामुद्रधुनीच्या पलीकडे स्काय बेटाचे डोंगर, पश्चिमेला अटलांटिक. आणि खाली, आपण चालत आलो ती सगळी जमीन, आरशाच्या तुकड्यांनी भरलेली. त्यातला कुठला तुकडा गोड्या पाण्याचा आणि कुठला समुद्राचा, वरूनही सांगता येत नाही.

भरती लागायला तीन तास आहेत. दगड बुडायच्या आत उतरायला हवं.