ताकद ठरते ती साच्यात

[दृश्य: भट्टीतून बाहेर काढलेली मूस]

काचतंतू घातलेल्या नायलॉनचा हा तुकडा सुमारे ६०० अंश सेल्सिअसला तापवला. नायलॉन जळून गेलं. मुशीत उरलाय तो पांढरा पुंजका, म्हणजे काचेचे तंतू. एकेक तंतू १५ मायक्रॉनच्या आसपास जाड. आता ते पाण्यात पसरून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे.

कच्च्या मालाच्या दाण्यात हेच तंतू दाण्याएवढे लांब होते, १० ते १२ मिलिमीटर. तयार वस्तूत मात्र बहुतेक तंतू एक-दोन मिलिमीटरच्याही आत येतात. दाणे वितळवून साच्यात भरण्याच्या मधल्या काही मिनिटांत ते मोडले, आणि त्यांच्यासोबत वस्तूची ताकदही गेली.

तंतूवर ओढ येते ती भोवतीच्या प्लॅस्टिकमधून, त्याच्या पृष्ठभागावरून. तंतू आखूड असेल तर त्याच्यावर पुरता भार येण्याआधीच तो प्लॅस्टिकमधून निसटतो. किमान किती लांबी हवी, हा हिशेब केली (Kelly) आणि टायसन (Tyson) या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडला, तोही तांब्यात बसवलेल्या टंगस्टन आणि मॉलिब्डेनमच्या तारांवरून. तंतू आणि प्लॅस्टिक यांची पकड जितकी घट्ट, तितकी ही लांबी कमी पुरते. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकला काच सहजी धरत नाही. तिथे ही लांबी मिलिमीटरच्याही पुढे जाऊ शकते.

[दृश्य: फिरता स्क्रू, अर्धवट वितळलेले दाणे]

मोडतोड सर्वाधिक होते ती इथे, माल वितळवून पुढे ढकलणाऱ्या या स्क्रूत, दाणे अर्धे घट्ट आणि अर्धे वितळलेले असताना. तंतूचं एक टोक घट्ट दाण्यात अडकलेलं, दुसरं वाहत्या मालात. तो वाकतो आणि तुटतो. स्क्रू सावकाश फिरवला, बॅक प्रेशर (स्क्रू मागे सरकताना त्याला होणारा विरोधी दाब) कमी ठेवलं, गेट (माल साच्यात शिरण्याचं तोंड) रुंद केलं, तर तंतू वाचतात. पण हात फारच आखडता घेतला तर तंतूंचे जुडगे सुटत नाहीत आणि वस्तूत गाठी राहतात. या दोन टोकांच्या मधली जागा शोधणं हेच मोल्डिंग करणाऱ्याचं खरं कसब आहे, आणि त्याला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही.

नायलॉन दमट राहिलं तर वितळताना पाणी त्याच्या रेणूसाखळ्याच तोडतं. माल नीट वाळवला नसेल तर पुढची सारी काळजी वाया जाते.

साच्याचं तापमानही तितकंच महत्त्वाचं. पीक (PEEK) हे प्लॅस्टिक ३४३ अंशांना वितळतं. ते हळू थंड केलं तर स्फटिक जास्त बनतात आणि ताठपणा वाढतो. झटकन थंड केलं तर स्फटिक कमी, पण चिवटपणा जास्त. कार्बनतंतूंच्या पट्ट्या थरावर थर दाबून पीकच्या वस्तू बनवतात, तेव्हा थंड होईपर्यंत दाब सोडायचा नसतो. तो आधीच सुटला तर थर फुगतात, आत पोकळ्या राहतात.

[दृश्य: वस्तूचा आडवा छेद, मोठा करून]

हा छेद नीट पाहा. भिंतीलगतचे तंतू प्रवाहाच्या दिशेने झोपलेत. मधल्या थरातले बरेचसे त्याला आडवे आहेत. एकाच वस्तूत दोन निराळे स्वभाव.

आणि जिथे मालाचे दोन प्रवाह समोरासमोर येऊन मिळतात, तिथे वेल्ड लाइन पडते. तंतू ती ओलांडत नाहीत, तिच्याच बाजूने आडवे होतात. तिथे ताकद निम्म्यावर येणं नवलाचं नाही. गेटची जागा बदलून ही रेघ जास्त भार येणाऱ्या भागापासून दूर नेता येते, मात्र तो विचार साचा घडवण्याआधी व्हायला हवा.

मालाच्या डेटाशीटवरचा (माहितीपत्रकावरचा) ताकदीचा आकडा येतो तो एका टोकाकडून भरलेल्या सरळ पट्टीवरून. तिच्यात बहुतेक तंतू ओढीच्याच दिशेने असतात. म्हणून त्या आकड्यावर भिस्त ठेवून भिंतीची जाडी ठरवू नये. तयार वस्तूतूनच पट्ट्या कापाव्यात, काही प्रवाहाच्या दिशेने आणि काही आडव्या, आणि त्या यंत्रावर तुटेपर्यंत ताणाव्यात.