आधी डॉक्टर, मग विमान

श्रोतेहो, नमस्कार. बागलकोट रस्त्यानं सांबऱ्याकडे, म्हणजे बेळगावच्या विमानतळाकडे जाताना कधी कधी डोक्यावरून दोन खुर्च्यांचं विमान घरघरत जातं, वळून येतं, चाकं टेकवतं आणि लगेच पुन्हा उठतं. शिकाऊ मुलं असतात ती. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणानं वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव होतं. तेव्हापासून खानापूर-निपाणीकडची मुलंही विचारतात, "सर, पायलट व्हायला काय लागतं?" मी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवतो, विमान चालवत नाही. पण प्रश्न इतक्यांदा आला की नियम वाचणं भागच पडलं.

माझं पहिलं उत्तर पालकांना आवडत नाही. फी भरू नका, आधी डॉक्टर गाठा. डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, नेमलेल्या डॉक्टरांकडे क्लास टू तपासणी होते, नोकरीच्या परवान्यासाठी पुढं क्लास वन. चष्मा चालतो, फक्त चष्म्यानं नजर पुरेशी सुधारली पाहिजे. खरी मेख आहे रंगांची. रंगीत ठिपक्यांच्या पानात दडलेला आकडा ओळखावा लागतो. लाल-हिरव्यात गल्लत होणारं पोर वर्गात पहिलं येत असलं तरी इथं अडकू शकतं, आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नसतो. शेत विकायला काढण्याआधी हे कळलेलं बरं.

बाकीचं थोडक्यात. दहावी पास मुलाला सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो. पोटापाण्यासाठी उडायचं तर अठरा पूर्ण, २०० तासांचं उड्डाण आणि बारावीला फिजिक्स-गणित, हा आजवरचा नियम. कॉमर्सवाल्यांनी हिरमुसू नये, हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देता येतात. लेखी पेपरांना ७० टक्के लागतात आणि ते इंग्रजीत असतात. मराठी शाळेतली मुलं इथंच कच खातात. खरं तर वायरलेसवरचं इंग्रजी ठरावीक साच्याचं असतं. नऊला तिथं 'नायनर' म्हणतात, खरखरीत तो पाचासारखा ऐकू येऊ नये म्हणून.

पहिला धडा मात्र जमिनीवरच. टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढून उजेडात धरायचं. बऱ्याच शिकाऊ विमानांचं पेट्रोल निळसर असतं. रात्रीच्या गारव्यानं टाकीत पाणी धरलं असेल, तर ते जड म्हणून तळाशी वेगळं दिसतं. ते दिसेनासं होईपर्यंत पेला पुन्हा पुन्हा भरायचा. मग गाडी चालवायची सवय मोडायची. जमिनीवर विमान हातानं वळत नाही, पायानं वळतं. बुलेट पिटाळणारे पहिल्या दिवशी दांडा जीव खाऊन फिरवतात आणि विमान आपलं सरळच जातं! शेजारी शिक्षक बसलेले असतात, त्यांच्याही पायाशी पेडल असतात, म्हणून निभावतं.

सांबऱ्याच्या धावपट्टीच्या एका टोकाला २६ लिहिलंय, म्हणजे तिथून धावणाऱ्या विमानाचं तोंड २६० अंशांकडे, जवळजवळ पश्चिमेला. विमान वाऱ्याला तोंड देऊन उठतं आणि पावसाळी वारा तिकडूनच येतो. पण ढग खाली उतरले की नवशिक्यांची विमानं जागची हलत नाहीत. त्या दिवसांत मुलांनी हवामानाचा पेपर काढून बसावं. आपल्याकडचा जुलै त्याला भरपूर वेळ देतो. नमस्कार.