न्यूपोर्टच्या धक्क्यावर

(दृश्य : पहाटेचं बंदर. धुकं. धक्क्याला बांधलेल्या होड्या.)

हे न्यूपोर्ट. अमेरिकेतल्या सगळ्यात छोट्या राज्यातलं, ऱ्होड आयलंडमधलं बंदर. आज इथे श्रीमंतांच्या शिडाच्या नौका लागतात. अडीचशे वर्षांपूर्वी याच धक्क्यावर उभं राहिलं, तर आधी नाकात शिरायचा तो मळीचा वास.

गाव वसलं १६३९ मध्ये. बॉस्टनकडच्या कर्मठ मंडळींशी ज्यांचं पटेना, ते इकडे आले. मागोमाग क्वेकर हे ख्रिस्ती पंथाचे लोक आले, ज्यू आले. ज्यूंचं १७६३ मधलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, अजून उभं आहे. अख्ख्या अमेरिकेत त्याहून जुनं सिनेगॉग आज उभं नाही. कोणी कोणत्या देवाला भजावं यात सरकारने पडायचं नाही, हे या वसाहतीने फार लवकर ठरवून टाकलं होतं.

देवाच्या बाबतीत मोकळं असलेलं गाव पैशाच्या बाबतीतही मोकळंच होतं. थॉमस ट्यू हा चाचा इथलाच. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी हिंदुस्थानच्या व्यापारातलं एक मोठं जहाज लुटून १६९४ मध्ये तो घरी आला, आणि कोणी त्याला बेड्या घातल्या नाहीत. दुसऱ्या खेपेहून मात्र तो परतला नाही. त्याच मोहिमेतल्या त्याच्या सोबत्यांनी सुरतेकडे येणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटलं आणि शिक्षा भोगली ती सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांनी.

पण न्यूपोर्टचा खरा पैसा चाचेगिरीतला नव्हे. तो या मळीतला.

(दृश्य : जुना नकाशा. कॅरिबियन बेटांवरून न्यूपोर्टकडे, तिथून आफ्रिकेकडे सरकणारी रेघ.)

कॅरिबियन बेटांवरच्या उसाची मळी इथे यायची. भट्ट्यांतून तिची रम निघायची. इंग्लंडचं सरकार या मळीवरचा कर कडकपणे वसूल करणार, अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा जानेवारी १७६४ मध्ये वसाहतीने लंडनला एक अर्ज धाडला. त्यात हिशेबच मांडला आहे. दरसाल १४,००० पिंपं मळी येते. तीसहून अधिक भट्ट्या चालतात. वर्षाला अठराएक जहाजं १,८०० पिंपं रम घेऊन आफ्रिकेला जातात. रमच्या बदल्यात तिथे काय मिळतं, तेही लिहिलंय : गुलाम, सोन्याची भुकटी, हस्तिदंत. एकाच ओळीत, स्वल्पविराम देऊन.

आपल्यावरच्या अन्यायाची दाद मागणारा हा कागद आहे, हे विसरू नका.

त्यानंतर गावाने दम धरला नाही. १७६५ च्या जून महिन्यात इंग्रज आरमाराचे लोक खलाशांना जबरदस्तीने पकडून नेत होते. जमावाने त्यांची होडी ओढत गावात आणली आणि जाळली. ऑगस्टमध्ये स्टॅम्प कायद्याच्या, म्हणजे कागदपत्रांवर कर बसवणाऱ्या इंग्रजी कायद्याच्या समर्थकांची घरं फोडली. १७६९ मध्ये तर कस्टम खात्याचं ‘लिबर्टी’ नावाचं जहाजच पेटवलं. इंग्रजांच्या करावर चिडून बॉस्टनकरांनी चहा समुद्रात फेकायला अजून चार वर्षं होती. बोलबाला मात्र बॉस्टनचा झाला!

मग अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. डिसेंबर १७७६ मध्ये इथे इंग्रज फौज उतरली आणि जवळपास तीन वर्षं मुक्काम ठोकून राहिली. हिवाळ्यात सरपण संपलं, तेव्हा बेटावरची झाडं गेली, मग धक्क्यांची लाकडं, मग रिकामी घरं. व्यापारी पांगले. अमेरिकनांच्या मदतीला फ्रेंच आरमार आलं तेव्हा त्याची वाट अडवायला इंग्रजांनी स्वतःचीच जहाजं बंदरात बुडवली. त्यातलं ‘लॉर्ड सँडविच’ म्हणजे दर्यावर्दी संशोधक कॅप्टन कुकचं जुनं ‘एन्डेव्हर’.

सैनिक कमी पडू लागले तशी ऱ्होड आयलंडला एक वाट सुचली. फेब्रुवारी १७७८ मध्ये जाहीर झालं : जो गुलाम फौजेत भरती होईल तो स्वतंत्र. मालकाला भरपाई सरकार देईल. त्या वर्षीच्या २९ ऑगस्टला, याच बेटावरच्या लढाईत, ही माणसं इंग्रजांच्या बाजूच्या जर्मन पलटणींसमोर ठाम उभी राहिली.

(दृश्य : फेअरवेल स्ट्रीटवरचं कब्रस्तान. कॅमेरा जमिनीलगत.)

आता गावाच्या जुन्या कब्रस्तानात या. हा कोपरा आफ्रिकन माणसांचा. ‘गॉड्स लिटल एकर’ म्हणतात याला. थेम्स स्ट्रीटवर स्टीव्हन्स कुटुंबाचं दगड कोरायचं दुकान आहे, १७०५ पासून. तिथे पॉम्प नावाचा गुलाम टाकी चालवायचा. हा दगड त्याच्या हातचा. कफी गिब्ज, मृत्यू २७ डिसेंबर १७६८, वय ४० वर्षं.

दोघं भाऊ. आडनावं वेगळी, कारण मालक वेगळे.

दगडावर कारागिराने सहसा आपलं नाव घालू नये. पॉम्पने घातलं. अक्षरांवरचं शेवाळ जरा बाजूला केलं की वाचता येतं : हा दगड पॉम्प स्टीव्हन्सने कोरला, आपल्या भावाच्या आठवणीसाठी.